नकली किल्ली कोण ओळखणार?



शाळा नुकती सुरू झाली होती, तेव्हाची गोष्ट. आमच्या चौथीच्या वर्गातली सायली नवीकोरी पाण्याची बाटली घेऊन आली. जांभळा रंग, झाकणाला दोरी आणि पोटावर एक चकचकीत गोल चिठ्ठी. मधल्या सुट्टीत ती बाटली वर्गभर फिरली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बीपीए फ्री'. ओंकारने ते वाचलं आणि तो तडक माझ्या टेबलापाशी आला.

"बाई, सायलीला बाटलीवर बीपीए फ्री मिळालंय. पण ते आहे कुठे?"

मला हसू आलं, पण त्याचं तरी काय चुकलं? साबणावर साबण फ्री, चहावर कप फ्री, हेच आपण दुकानात वाचतो. मी त्याला सांगितलं, की इथे फ्री म्हणजे फुकट नव्हे. या बाटलीत बीपीए नावाचं रसायन नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"नाही ते कशाला लिहितात?"

"कारण ते रसायन अंगात गेलं, तर आपल्या शरीराला फसवू शकतं."

"हे कळलं कसं? कुणाला पाजून बघितलं?"

"उंदरांना," मी सहज बोलून गेले. ओंकारचा चेहरा एकदम उतरला. त्याच्या घरी पांढऱ्या उंदरांची जोडी आहे, हे मी विसरलेच होते! "मग त्या उंदरांचं पुढे काय झालं, बाई?" त्याने हळूच विचारलं. घंटा झाली म्हणून मी सुटले. पण प्रश्न काही सुटला नाही. घरी आले, पुस्तकं काढली, वाचत बसले. त्यातून जे हाती लागलं, ते ओंकारबरोबर तुम्हालाही सांगते.

शरीरातला टपालवाला

आपल्या शरीरात काही ग्रंथी असतात. त्या रक्तात निरनिराळे रस सोडतात. त्यांना संप्रेरके किंवा हॉर्मोन्स म्हणतात. संप्रेरक म्हणजे शरीरातला टपालवालाच म्हणा ना! "आता उंची वाढव", "आता दादाचा आवाज फुटू दे", "आता ताईचं शरीर मोठं होऊ दे", असे निरोप तो रक्तातून पेशींपर्यंत नेतो.

हा निरोप पेशीला कळतो कसा? पेशीत एक कुलूप असतं. शास्त्रज्ञ त्याला 'रिसेप्टर' म्हणतात. प्रत्येक संप्रेरकाचं कुलूप ठरलेलं. संप्रेरकाची किल्ली त्या कुलपात बसली, की पेशी कामाला लागते. किल्ली नसेल, तर पेशी स्वस्थ.

आणि या किल्ल्या किती थोड्या लागतात, ठाऊक आहे? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा. (करून बघू नका, आयुष्य पुरणार नाही!) इस्ट्रोजेन नावाच्या संप्रेरकाचे असे काही दहा ते काहीशे भागच मोठ्या बाईच्या एक मिलिलिटर रक्तात असतात. तेवढ्यावर सगळा कारभार चालतो.

आता समजा, एखाद्या परक्या रसायनाचा आकार या किल्लीशी थोडासा जुळला, तर? ते कुलपात शिरतं, कुलूप उघडतं आणि पेशी चुकीच्या वेळी कामाला लागते. कधी ते कुलपात नुसतंच अडकून बसतं आणि खऱ्या किल्लीला जागाच मिळत नाही. अशा रसायनांना आपण 'नकली किल्ल्या' म्हणू या. बिस्फेनॉल ए, म्हणजेच बीपीए, ही त्यातली एक. खऱ्या इस्ट्रोजेनच्या मानाने ती हजारो पटींनी दुबळी आहे. पण दुबळा चोरसुद्धा चोरच, नाही का?

नदीतले मासे काय म्हणाले?

नकली किल्ल्यांनी खरोखर काही बिघडतं का? एक उदाहरण ऐका. इंग्लंडमध्ये काही नद्यांत 'रोच' नावाच्या माशांचे नर विचित्र निघाले. त्यांच्या शरीरात माद्यांसारखी अंडी तयार होऊ लागली होती! हे मासे सापडत ते शहराचं सांडपाणी शुद्ध करून जिथे नदीत सोडतात, तिथे. प्रा. जॉन सम्प्टर आणि त्यांच्या सोबत्यांनी सांडपाण्याच्या तोंडाशी पिंजऱ्यात ट्राउट मासे ठेवून पाहिले. नर माशांच्या रक्तात अंड्याच्या बलकासाठी लागणारं प्रथिन आढळलं. हे काम १९९४ साली प्रसिद्ध झालं. पाण्यात माणसांच्या अंगातून आलेली संप्रेरके होती, गर्भनिरोधक गोळ्यांतलं औषध होतं, आणि काही नद्यांत कारखान्यांतून आलेलं नोनिलफिनॉल नावाचं रसायनही होतं. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा बरं का! पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

म्हणून नवं रसायन बाजारात येण्याआधी "तू नकली किल्ली आहेस का?" असं त्याला विचारायला हवं. पण विचारायचं कसं?

जुनी रीत

जुनी रीत उंदरांची. लहान मादी उंदीर घ्यायचे, किंवा मोठ्या माद्यांच्या बीजग्रंथी काढून टाकायच्या, म्हणजे त्यांच्या अंगात स्वतःचं इस्ट्रोजेन फारसं राहत नाही. मग रोज एकदा, निदान तीन दिवस, त्यांना ते रसायन द्यायचं. शेवटच्या मात्रेनंतर एका दिवसाने त्यांना मारायचं आणि गर्भाशय काढून वजन करायचं. वजन वाढलं असेल, तर रसायन इस्ट्रोजेनची नक्कल करतं असं समजायचं. एकेका गटात निदान सहा उंदीर, आणि असे कितीतरी गट.

ओंकार, तुझ्या प्रश्नाचं हे खरं उत्तर. ते उंदीर वाचले नाहीत.

आता यातली चुटपुट लावणारी गोष्ट सांगते. इंग्लंडमधल्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की बिस्फेनॉल ए इस्ट्रोजेनसारखं वागतं. म्हणजे उंदरांनी आपला जीव देऊन साक्ष दिली होती! पण पुढे त्याच रसायनापासून टणक, पारदर्शक प्लॅस्टिक बनू लागलं आणि त्याच्या पाण्याच्या, दुधाच्या बाटल्या घरोघर गेल्या. साक्ष कागदावरच राहिली.

शिवाय उंदरांची साक्ष नेहमी पक्की असते असंही नाही. एकाच रसायनाला एका प्रयोगशाळेतले उंदीर 'हो' म्हणत आणि दुसऱ्या प्रयोगशाळेतले 'नाही', असंही घडलं. बाजारात तर रसायनं हजारोंनी. प्रत्येकासाठी उंदीर, पिंजरे, माणसं आणि दिवस आणायचे कुठून?

फसलेल्या प्रयोगाने लावला शोध

आता अमेरिकेतल्या बोस्टन शहरात चला. तिथल्या टफ्ट्स विद्यापीठात डॉ. आना सोटो आणि डॉ. कार्लोस सोनेन्शाइन पेशींचा अभ्यास करत होते. त्यांच्याकडच्या पेशींचं नाव 'एमसीएफ-७'. या पेशी कर्करोगाने आजारी असलेल्या एका ख्रिस्ती जोगिणीच्या शरीरातून १९७० च्या सुमारास डेट्रॉइट शहरात घेतल्या होत्या. ती बाई गेली, पण तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत.

या पेशींची एक खोड आहे. खाद्यात इस्ट्रोजेन असलं, की त्या भराभर वाढतात. म्हणून सोटोबाई पेशींना द्यायचा द्रव आधी कोळशाच्या भुकटीने गाळत. कोळसा त्यातली संप्रेरके शोषून घेई. आता पेशी वाढणार नाहीत, अशी व्यवस्था.

आणि १९८७ सालच्या अखेरीला काय झालं? इस्ट्रोजेन घातलेल्या बशीत पेशी वाढल्या, आणि न घातलेल्या बशीतही वाढल्या! सगळ्या बशांत सारखी गर्दी! पहिल्यांदा त्यांना वाटलं, कुणाच्या तरी हातून इस्ट्रोजेन सांडलं असणार. सगळं धुतलं, पुसलं, पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग सुरू झाला तपास. एकेक वस्तू बदलत गेले. अखेर चोर सापडला तो द्रव साठवायच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत! नळ्या बनवणाऱ्या कंपनीने त्या सहजी तडकू नयेत म्हणून प्लॅस्टिकचा घटक बदलला होता. काय घातलं, ते मात्र कंपनी सांगेना. धंद्यातलं गुपित म्हणे!

मग या दोघांनी स्वतःच नळ्यांतून पाझरणारा पदार्थ वेगळा केला. तो निघाला नोनिलफिनॉल. हो, तोच तो, नदीतला! १९९१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. गंमत बघा, नकली किल्ली शोधायला कुणी निघालंच नव्हतं. बशीतल्या पेशींनी आपणहून आरडाओरड केली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे या शास्त्रज्ञांनी उंदरांवरही खात्री करून घेतली. पण त्यांना एक युक्ती सापडली होती. संशयित रसायन पेशींना द्यायचं, सहा दिवस थांबायचं आणि पेशी मोजायच्या. वाढल्या, तर दाल में कुछ काला है! या चाचणीला त्यांनी 'ई-स्क्रीन' असं नाव दिलं.

दोनच वर्षांनी, १९९३ साली, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात असाच घोटाळा झाला. यीस्टच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात की काय, असं तिथल्या शास्त्रज्ञांना वाटू लागलं होतं. खरा प्रकार वेगळाच होता. प्लॅस्टिकचे चंबू ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या मोठ्या भांड्यात, पाण्यासह तापवत. उष्णतेने प्लॅस्टिकमधून बीपीए पाण्यात उतरत होतं!

यीस्टचे पहारेकरी

यीस्ट म्हणजे तेच, ज्याने पावाचं पीठ फुगतं. यीस्टला ना बीजग्रंथी, ना गर्भाशय. त्याला इस्ट्रोजेनशी काय घेणंदेणं? पण शास्त्रज्ञांनी माणसाच्या इस्ट्रोजेन-कुलपाचं जनुक यीस्टमध्ये बसवलं आणि त्या कुलपाला एक 'घंटा' जोडली. कुलूप उघडलं, की यीस्ट एक विकर सोडतं आणि बशीतलं पिवळं पाणी लाल होतं. झालं! पिवळं राहिलं तर संशय नाही, लाल झालं तर नकली किल्ली. या चाचणीची कृती सम्प्टर यांनी आपले सहकारी एडविन राउटलेज यांच्यासह १९९६ साली प्रसिद्ध केली. माशांवरचं संकट पाहणाऱ्या माणसानेच पावाच्या यीस्टला पहाऱ्यावर बसवलं!

पुढे माणसाच्या पेशींनाही अशीच घंटा जोडली गेली. फक्त रंगाऐवजी त्या काजव्यासारख्या उजळतात. खरंच काजव्यासारख्या, कारण त्यांत काजव्याचंच जनुक घातलेलं असतं. या चाचणीची सर्वांना मान्य होईल अशी रीत ओईसीडी या देशांच्या संघटनेने २००९ साली ठरवून दिली.

मग आले यंत्रमानव. अमेरिकेत 'टॉक्स-२१' नावाच्या कामात एक यंत्रमानव एका तबकडीतल्या १,५३६ इवल्या खळग्यांत पेशी आणि रसायनं भरतो. अशी सुमारे दहा हजार रसायनं तपासायला घेतली गेली. पण एकाच चाचणीवर भरवसा कसा ठेवायचा? एखादं रसायन पेशी मारूनच टाकतं, एखादं उगाच चमकतं. म्हणून १८ वेगवेगळ्या चाचण्या एकत्र केल्या. किल्ली कुलपात बसते का, कुलूप फिरतं का, जनुक जागं होतं का, पेशी वाढतात का, असे वेगवेगळे प्रश्न. संगणकाने सगळ्या उत्तरांचा मेळ घातला. एखाद्या चोराने एका शिपायाला चकवलं, तरी अठराही शिपायांना कसं चकवणार? १,८१२ रसायनांचा असा निवाडा झाला.

आणि २०१५ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जाहीर केलं, की इस्ट्रोजेनच्या पहिल्या तपासणीसाठी उंदराच्या गर्भाशयाच्या वजनाऐवजी ही रीत आम्ही मान्य करू. एका प्रश्नापुरती का होईना, उंदराची पिंजऱ्यातून सुटका झाली!

पण सगळं झालं का?

नाही, मुलांनो. खरं ते सांगायला हवं.

बशीतल्या पेशीला यकृत नसतं. आपण खाल्लेल्या पदार्थाचं यकृतात रूपांतर होतं. मेथॉक्सिक्लोर नावाचं कीटकनाशक आहे, डीडीटीचं भावंड. ते स्वतः दुबळं, पण यकृताने त्याला बदललं, की चांगलीच नकली किल्ली तयार होते. म्हणजे यकृतच नकळत चोराला कानस पुरवतं! म्हणून आता काही चाचण्यांत यकृताचा अर्क किंवा यकृताच्या पेशी घालतात.

दुसरं असं, की इस्ट्रोजेन हे एकच संप्रेरक नाही. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम, पोटातल्या बाळाची वाढ, हे प्रश्न एका बशीत मावत नाहीत. त्यासाठी अजूनही बेडकाची पिल्लं, मासे, उंदीर वापरले जातात. मधला एक मार्ग म्हणजे झेब्रा माशाचे भ्रूण. हा पट्ट्यापट्ट्यांचा इवलासा मासा मूळचा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या प्रदेशातला. शास्त्रज्ञांनी त्याच्यात असा बदल केला आहे, की इस्ट्रोजेनची नक्कल करणारं रसायन भेटलं की भ्रूणाच्या मेंदूत हिरवा प्रकाश दिसतो. चार दिवसांत उत्तर. पिल्लू स्वतः खाऊ लागायच्या आत ही चाचणी संपते, म्हणून युरोपच्या कायद्यात तिला प्राण्यांवरचा प्रयोग धरत नाहीत.

आणि तिसरी गोष्ट, जी मलाही आधी ठाऊक नव्हती. बशीतल्या पेशींच्या खाद्यात पुष्कळदा गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तापासून काढलेला द्रव असतो. म्हणजे 'प्राण्यांशिवाय' म्हणताना तिथेही प्राणी लपलेला! त्याच्याशिवाय पेशी वाढवण्याच्या रीती आता तयार होत आहेत.

१९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी एक साधा नियम मांडला होता. प्राण्याऐवजी दुसरं काही वापरता येत असेल तर ते वापरा. नसेल, तर कमीत कमी प्राणी वापरा. आणि त्यांना कमीत कमी त्रास द्या. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या प्राण्यांवर करायला २०१४ सालापासून बंदी आहे.

पालकांसाठी दोन शब्द

बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत बीपीए वापरायला युरोपीय संघाने २०११ साली बंदी केली. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने २०१५ च्या मानकात तसंच ठरवलं. पण 'बीपीए फ्री' या शब्दांवर डोळे मिटून विसंबू नका. काही ठिकाणी, उदाहरणार्थ दुकानातल्या पावतीच्या कागदात, बीपीए काढून बिस्फेनॉल एस घातलं गेलं. पेशींच्या चाचण्यांत तेही नकली किल्लीच निघालं! चोर गेला आणि त्याचा भाऊ आला. तो ओळखायला पुन्हा उंदीर आणायची वाट पाहावी लागली नाही, हा पेशींचा उपकार.

घाबरून जायचं कारण नाही. स्टॅनफर्डच्या चंबूची आठवण मात्र ठेवा. गरम वरण, उकळतं दूध, वाफाळती भाजी प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका, प्लॅस्टिकमध्ये ठेवून गरमही करू नका. आजीचा स्टीलचा डबा माळ्यावर पडला असेल, तर तो खाली काढा.

करून पाहा

घरातली दोन-तीन जुनी कुलपं आणि सगळ्या किल्ल्यांचा जुडगा घ्या (मोठ्यांना विचारून!). वहीत तीन रकाने आखा: 'शिरली आणि उघडलं', 'शिरली पण उघडलं नाही', 'शिरलीच नाही'. प्रत्येक किल्ली प्रत्येक कुलपाला हळूच लावून पाहा आणि नोंद करा. जोर लावू नका, नाहीतर किल्ली अडकेल आणि घरात ओरडा बसेल! मधल्या रकान्यातल्या किल्ल्या नीट बघा. त्या खऱ्या किल्लीला जागा देत नाहीत, आठवतं ना?

आमच्या वर्गात हा खेळ झाला, तेव्हा ओंकारने जुडग्यातली एकेक किल्ली लावून पाहिली. शेवटी तो म्हणाला, "बाई, कुलूप काय म्हणतं ते कुलपालाच विचारायचं. त्यासाठी अख्खं घर कशाला पाडायचं?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतक्या पुस्तकांत मला जे सापडलं, ते त्याने एका वाक्यात सांगितलं होतं. अजून कितीतरी कुलपं अशी आहेत, की ती घराबाहेर काढून कशी तपासायची हे कुणाला नीट जमलेलं नाही. ते काम उरलं आहे. तुमच्यापैकी कुणी करणार का?